नगराध्यक्षीणबाईची बहीण

आगरबंदरावर वादळ आदळलं, त्या दिवशी जनकाबाई शेळ्यांना बाभळीचा पाला टाकत होती. घरातून मल्हारीनं, तिच्या नवऱ्यानं, हाक मारली.

"अगं, ये इकडं पटकन. मिनाचं गाव दाखवून राहिलेत टीव्हीवर."

हात लुगड्याला पुसत ती आत आली. पडद्यावर माडाची झाडं वेताच्या छडीसारखी वाकत होती. एका घराचं छप्पर उडून रस्त्यावर पडलं होतं आणि त्याच्याशेजारी एक पोरगी हातात माईक धरून ओरडून बोलत होती.

"देवा, मिनाचं काय झालं असंल," मल्हारी म्हणाला.

"अगं आई गं," जनकाबाईच्या तोंडून निघालं. पण मनात जे आलं ते निराळंच होतं. मनात आलं, आता ही टीव्हीवर दिसणार. आलं तसं तिनं ते मागं ढकललं, तिची तिलाच शरम वाटली. तरीही बातम्या संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

मिना तिची पाठची बहीण, आणि आगरबंदर या समुद्रकाठच्या लहानशा शहराची नगराध्यक्ष. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या जनकाबाईच्या गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. बाजाराला गेलं तरी कुणीतरी म्हणायचंच, "ह्या जनकाबाई. नगराध्यक्षीणबाईची बहीण." लग्नानंतर जनकाबाई मल्हारीची बायको झाली, लेकरं झाल्यावर लेकरांची माय झाली, त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. पण उतारवयात धाकट्या बहिणीची बहीण व्हायचं, हे काही तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

त्याला कारणही तसंच होतं. त्यांचा बाप मेंढरं राखायचा. जनका शाळेत हुशार होती. गुरुजी घरी येऊन सांगायचे, पोरीला शिकवा. पण मिना झाली आणि आई अंथरुणाला खिळली. तान्ह्या लेकराला कोण बघणार? जनकाची पाटी फळीवर गेली आणि मिना तिच्या कडेवर आली. पुढं आई बरी झाली, पण तोवर जनकाचं लग्नाचं बघायला लागले होते. शाळेचं नाव परत कुणी काढलं नाही. मिना मात्र बारावीपर्यंत शिकली. सेनगावकडच्या शिवशंकरशी तिचं लग्न झालं, त्याला कोकणात मास्तरची नोकरी लागली आणि दोघं तिकडचेच होऊन गेले. पुढं बायकांसाठी राखीव जागा निघाली, मिना उभी राहिली, निवडून आली, आणि एक दिवस गळ्यात हार घातलेला तिचा फोटो जनकाबाईच्या मोबाईलवर आला. जनकाबाईनं तो शेजारणींना दाखवला, कौतुक केलं, सगळ्यांना साखर वाटली आणि रात्री भाकरी अर्धीच खाऊन उठली.

वादळानंतर बरेच दिवस मिनाचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा आवाज घोगरा झालेला होता.

"आक्का, येतेस का थोडे दिवस? सासूबाईंच्या पायावर भिंत पडली, पाय मोडलाय. ह्यांच्या शाळेत लोकांना ठेवलंय, ते तिकडंच असतात. मी घरी नसते. घरात करणारं कुणी नाही."

जनकाबाईनं दाराबाहेरच्या शेळ्यांकडं पाहिलं.

"आक्का?"

"येते," ती म्हणाली.

मल्हारीनं शेळ्यांचं बघायचं कबूल केलं. जनकाबाईनं ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बांधून घेतला. औंढ्यापर्यंत जीप, परभणीहून रेल्वे, पनवेलहून एसटी. अंग आंबून गेलं. वाटेत ती एकच विचार करत होती, मिनाचा बंगला कसा असेल. दारात शिपाई असेल. खुर्चीवर बसून ती म्हणेल, आक्का, आलीस?

बंगला नव्हताच. कौलारू घर होतं आणि त्याचं अर्धं छप्पर गेलेलं. मागची पडवी तेवढी धड होती. अंगणात फणसाचं झाड आडवं पडलेलं, त्याची मुळं माणसाच्या डोक्याहून उंच उभी. रस्त्यावर वाकलेले विजेचे खांब, तारांची गुंतावळ, कुजणाऱ्या पानांचा वास. मिनाची सासू निर्मलाबाई पाय पसरून खाटेवर होत्या. "आलीस माय," म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला.

जनकाबाईनं उघड्या आढ्याकडं पाहिलं. तिला आत कुठंतरी हलकं वाटलं. मग तिनं पदर खोचला, चूल पेटवली आणि कामाला लागली.

मिना दिवस कलल्यावर आली. साडी चिखलानं भरलेली, डोळे लाल. बहिणीच्या गळ्यात पडली. तेवढ्यात फोन वाजला आणि गळ्यातला हात काढून तिनं तो कानाला लावला. "हो साहेब. पंपाला जनरेटर मिळाला तर पाणी सुरू होईल. नाही, टँकरनं नाही भागत." कोकणातल्या लोकांसारखं स्वच्छ, टोकदार बोलत होती. फोन संपला की दुसरा आला. जनकाबाई ताट वाढून बसली. भाकरी गार झाली.

असेच दिवस जायला लागले. जनकाबाई निर्मलाबाईंचं करी, रांधी, टँकर आला की हंडा घेऊन पळे, आणि या सगळ्यातून मिनावर नजर ठेवी. गाव मोडून पडलेलं, आणि त्या मोडलेल्या गावात मिना गेली की माणसं उठून उभी राहायची. म्हातारे कोतारे "मॅडम, आमच्या आळीतलं झाड" म्हणत हात जोडायचे. मिना कुणाच्या खांद्यावर हात ठेवी, कुणावर खेकसे, झाडं कापणाऱ्यांबरोबर उन्हात उभी राही. जनकाबाईला वाटे, मला शिकवलं असतं तर मीही हेच केलं असतं. याहून बरं केलं असतं.

एकदा मराठवाड्यातून आलेली वायरमनची टोळी घराशेजारचे खांब उभे करत होती. त्यातला एक वसमतकडचा होता, हिरासिंग नावाचा. त्याच्या तोंडचं "काहून" ऐकून जनकाबाईचा जीव हरखला. तिनं सगळ्यांना बसवलं, गरम भाकरी, ठेचा, कांदा वाढला. पोरं तुटून पडली.

"मावशी, किती दिवसानं भाकर खाऊन राहिलो," हिरासिंग म्हणाला. "अन् काहीबी म्हणा, तुमची मॅडम वाघीण हाय. आपल्याकडची बाई इथं राज्य करून राहिली. छाती फुगती आमची."

"घ्या अजून," जनकाबाई म्हणाली आणि टोपल्यातली भाकरी त्याच्या ताटात जरा जोरातच टाकली. पीठ तिनं मळलं होतं, धुरात डोळे तिनं फोडले होते, आणि छाती फुगली ती मिनाच्या नावानं.

दुसऱ्या दिवशी ती मिनाचा डबा घेऊन नगरपरिषदेत गेली. इमारतीच्या वरच्या मजल्यावर पाणी गळत होतं, म्हणून सगळं कामकाज खालच्या एका खोलीत कोंबलेलं. दारात शिपायानं अडवलं.

"कोण पाहिजे?"

आत मिना चार माणसांच्या घोळक्यात, कानाला फोन. तिनं मान वर केली आणि घाईघाईत म्हणाली, "घरच्या आहेत त्या. येऊ दे."

जनकाबाई आत गेली, डबा ठेवला, थोडा वेळ उभी राहिली. बसायला कुणी सांगितलं नाही. निघाली तेव्हा शिपाई म्हणाला, "बाई, जाता जाता एवढे कप घेऊन जा ना. मागं मोरी आहे."

घरच्या. म्हणजे घरकामाच्या. तिनं काही न बोलता कप उचलले, मोरीवर नेले, एकेक कप विसळला आणि पालथा घातला. मिनाला लहानपणी तिनं न्हाऊ घातलं होतं. आता तिच्या कचेरीतले उष्टे कप धुवायचेही तिच्याच नशिबी आले.

त्याच संध्याकाळी ताडपत्र्यांचा ट्रक आला. कुठल्याशा संस्थेनं पाठवलेला. नगरपरिषदेच्या गोदामाचं छप्पर उडालेलं, तिथं ठेवल्या तर रातोरात चोरीला जातील किंवा भिजतील. मुख्याधिकारी म्हणाले, मॅडमची पडवी कोरडी आहे, आजच्या दिवस तिथंच उतरवू. या ताडपत्र्या डोंगरावरच्या टेंबवाडीसाठी होत्या. तिथं एकाही घरावर कौल उरलेलं नव्हतं, आणि रस्त्यावर दरड आल्यामुळं अजून तिथं काहीच पोचलं नव्हतं. सकाळी जेसीबीनं रस्ता मोकळा केला की टेम्पो वर जायचा. हे सारं बोलणं पडवीत झालं आणि चहा देताना जनकाबाईनं ते शब्द न् शब्द ऐकलं.

अंधार पडायच्या आधी टँकर आला. तो कोळीवाड्याच्या तोंडाशी थांबायचा. जनकाबाई हंडा घेऊन रांगेत उभी राहिली. बायका कावलेल्या होत्या. टँकर आधी वरच्या आळ्यांना पाणी देत यायचा, कोळीवाड्यात पोचेपर्यंत तळाला गेलेला असायचा.

"आमची घरं पाण्यात गेली, होड्या फुटल्या," सुगंधा नावाची एक मासेवाली बोलत होती. "आणि ही घाटावरची मॅडम वरवरच फिरते. डोक्यावर घालायला ताडपत्री मागितली तर म्हणे, आल्यावर देऊ." मग तिचं लक्ष जनकाबाईकडं गेलं. "तुम्ही नवीन दिसता. कुठल्या?"

"मी तिची मोठी बहीण. मॅडमची."

एकदम सगळ्या वळल्या. कुणीतरी तिला पुढं जागा करून दिली. कुणी तिचा हंडा धरला. "सख्खी?" "अगो बाई, मग तुम्हाला ठाऊक असेल. येणार आहेत का ताडपत्र्या?"

इतक्या दिवसांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या. तिला ते फार गोड लागलं.

"येणार कशाला?" ती म्हणाली. "आल्यात की. आमच्या पडवीत ढीग लागलाय. पार आढ्याला टेकल्यात."

"घरात ठेवल्यात?" सुगंधाचा आवाज बदलला.

पुढचं वाक्य जनकाबाईच्या जिभेवर होतं. गोदाम गळतंय म्हणून. उद्या टेंबवाडीला जाणार म्हणून. एवढंच बोलायचं होतं. तिनं ते गिळलं.

"मला काय ठाव," ती म्हणाली. "मी घरकामाला आलेली बाई." आणि हंडा डोक्यावर घेऊन चालायला लागली.

सकाळी टेम्पोत ताडपत्र्या भरायला सुरुवात झाली आणि अंगणात माणसांचा लोंढा आला. पुढं रघुवीर तांडेल, विरोधी बाजूचा नगरसेवक, कोळीवाड्यातला. माणूस रगेल, पण लबाड नव्हता. त्याचीही होडी फुटली होती.

"मॅडम, लोकांच्या डोक्यावर आभाळ आणि तुमच्या पडवीत माल? आता पकडले गेलात म्हणून हलवताय?"

मिनानं सांगायला सुरुवात केली, पण ऐकतं कोण. तांडेल ओरडला, "तुमच्या सख्ख्या बहिणीच्या तोंडचं आहे हे! आमच्या बायकांना काल तिनंच सांगितलं."

मिनानं वळून दाराकडं पाहिलं. दारात जनकाबाई उभी होती, हातात उलथनं. मिनानं मान फिरवली.

दगड उचलायची वेळ आली तेव्हा तहसीलदार आले. त्यांनी दोन्ही बाजूंना गप्प केलं आणि ठरवलं, नगरपरिषदेची खास सभा घ्या, तिथं काय तो निर्णय होऊ दे, तोवर माल हलवायचा नाही. पडवीला कुलूप लागलं. रस्ता मोकळा झाला होता, टेम्पो उभा होता, आणि ताडपत्र्या आत. दुपारपासून पावसानं धरलं ते सोडेचना.

दुसऱ्या दिवशी टेंबवाडीची एक बाळंतीण टेम्पोत घालून खाली आणली. मिनाच्या घरावरूनच टेम्पो गेला. युरियाच्या रिकाम्या पोत्याची खोळ करून बाईनं लेकराला त्यात धरलं होतं, आणि स्वतः नखशिखांत भिजलेली होती. लेकरू निळं पडलं होतं. जनकाबाई ओसरीवर उभी राहून बघत राहिली. दवाखान्यातून निरोप येईपर्यंत ती घरात गेली नाही. लेकरू वाचलं. पण त्या संध्याकाळी मिना घरी आली ती सरळ चुलीपाशी.

"आक्का, तू म्हणालीस?"

"म्हणले. खोटं काय त्यात? ताडपत्र्या पडवीत नव्हत्या?"

"कशासाठी होत्या ते ठाऊक होतं ना तुला?"

जनकाबाईनं लाकूड पुढं सारलं.

"तुला आक्का म्हणून बोलावलं मी. घरचं माणूस म्हणून."

"घरचं माणूस न्हाई, घरकामाचं माणूस! तुझ्या शिपायानं कप धुवायला लावले मला. तू बघितलं तरी का?"

मिना दचकली. तिला काहीच ठाऊक नव्हतं, हे तिच्या तोंडावरच दिसलं. त्यानं जनकाबाईचा राग आणखीच भडकला.

"न्हाई बघितलं. तू कधीच न्हाई बघितलं. माझी शाळा सुटली ती कोणापायी? तुला सांभाळायपायी. खुर्ची तुला, हार तुला, अन् मी कोण? नगराध्यक्षीणबाईची बहीण!"

"मी म्हणले व्हते का शाळा सोड म्हणून?" मिनाची भाषा बघता बघता गावाकडं वळली. "तान्हं लेकरू व्हते मी. तुझ्या मांडीवर व्हते!"

"तेच तर दुःख हाय. तान्ह्या लेकरावर राग काढता येत न्हाई. मग तो कुठं जातो? आतच राहतो."

मिना पाट ओढून बसली. मग म्हणाली, "तुला वाटतं मला लई मिळालं. इथं जन्म गेला, अजून घाटावरची म्हणतात. त्यात परवा तू भर घातलीस. अन् तिकडं? आई गेली तेव्हा मी उशाशी बसले व्हते. शेवटपर्यंत जनका, जनका. माझं नाव एकदाबी घेतलं न्हाई. वळखलंच न्हाई मला."

ते खरं होतं. जनकाबाईला आठवलं, आईचं डोकं आपल्या मांडीवर होतं आणि मिना बाजूला नुसती बसून होती. क्षणभर तिचं पोट भरल्यासारखं झालं. मग वाटलं, अरे, या गोष्टीनं बरं वाटावं इतकी मी रिती झाले का? आणि त्याच्याही मागून आणखी एक विचार आला, की बघा, रडायलासुद्धा हिच्याकडं माझ्याहून मोठं कारण आहे. तिनं कपाळाला हात लावला.

"सभा कधी हाय?" तिनं विचारलं.

"उद्या."

सभा शाळेच्या मोठ्या वर्गात भरली. एका बाजूला आसरा घेतलेल्या लोकांची बोचकी, दुसऱ्या बाजूला नगरसेवक, आणि मागं दाटीवाटीनं गाव. जनकाबाई कोळीवाड्यातल्या बायकांच्या मागं उभी राहिली. मिना खुलासा करत होती आणि लोक मध्येच बोलत होते. मुख्याधिकाऱ्यांनी साथ दिली तर कुणीतरी म्हणालं, ते तुमचेच. शेवटी तांडेल उठला.

"आम्ही काही मनचं बोलत नाही. त्या बहिणीलाच विचारा ना! आहे का इथं?"

"हाय," जनकाबाई म्हणाली.

बायकांनी वाट दिली. ती पुढं आली. पाय जड झाले होते, पण आवाज फुटला.

"मीच म्हणले. ताडपत्र्या पडवीत हायेत, व्हय. गोदामावर छप्पर न्हाई म्हणून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी टेंबवाडीला जायच्या व्हत्या. हे मला तेव्हाबी बराबर ठाव व्हतं. ते मी सांगितलं न्हाई."

तांडेल हसला. "हे आज आठवलं होय? बहिणीला वाचवायला आलात, मावशी."

"वाचवायला?" जनकाबाईचा पारा चढला. "अवो, हिला वाचवायचं असतं तर अर्धंच कशाला सांगितलं असतं? मला हिचं बरं बघवत न्हाई! लहानपणापासून जळते मी हिच्यावर. तुमी सगळे हिला मॅडम मॅडम करता, तेव्हा माझ्या पोटात दुखतं. आता इथं उभी हाय तरी जळूनच राहिले. पण त्या ताडपत्र्या टेंबवाडीच्याच हायेत. तिथलं लेकरू मरता मरता वाचलं. जळायचं तर मी जळंन, लोकांची लेकरं कशाला भिजवायची?"

मिना टेबलाकडं बघत होती, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग मागून सुगंधाचा खणखणीत आवाज आला.

"हे काय कोण खोटं सांगेल हो? चार लोकांत स्वतःची अशी अब्रू कोण काढून घेतं? बाई खरं बोलते."

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग बायका हसल्या, मग तांडेलही. हवा सैल झाली. तांडेल म्हणाला, ठीक आहे, ताडपत्र्या जाऊ दे, पण आमच्या चार बायका टेम्पोत बसून जातील आणि वाटप डोळ्यांनी बघतील. मिना लगेच म्हणाली, "जाऊ दे. आणि टँकरचं तुमचं म्हणणं खरं आहे. वरचा रस्ता आधी मोकळा झाला म्हणून गाडी तिकडून सुरू केली, मग तसंच चालत राहिलं. चूक आमची. उद्यापासून पहिला टँकर कोळीवाड्यात."

वर्गात टाळ्या पडल्या. जनकाबाई ऐकत राहिली. अब्रू आपली गेली आणि टाळ्या पुन्हा मिनाला. तिला हसावं की रडावं कळेना.

घरी जाताना दोघी एकाच छत्रीत होत्या. मिना म्हणाली, "सगळ्यांसमोर म्हणलीस, जळते म्हणून. लाज कोणाची काढलीस, माझी का तुझी?"

"दोघींची," जनकाबाई म्हणाली. मिनानं छत्री बहिणीकडं जरा जास्त कलती धरली.

जनकाबाई पुढंही राहिली. नळाला पाणी आलं, मग आळीआळीनं वीज आली, बाजारातली दुकानं उघडली. समुद्रकाठची मोडकी भिंत नव्यानं बांधायला काढली. दुपारी सुगंधा पाटीतले दोन मासे द्यायला येई. जनकाबाई खात नसे, पण घ्यायची आणि निर्मलाबाईंसाठी शिकून शिकून रांधायची. कोळीवाड्यात आता तिला नाव पडलं होतं, जळकी मावशी. ती रागावत नसे. ते नाव निदान तिचं स्वतःचं होतं.

निर्मलाबाई काठी धरून चालायला लागल्या तशी ती निघाली. त्याच दिवशी नुकसान बघायला वरिष्ठ अधिकाऱ्यांचं पथक आलं. मिना त्यांच्याबरोबर गुंतली आणि एसटी स्टँडवर पोचवायला शिवशंकर एकटाच आला. "आक्का, तिला यायचं होतं," तो म्हणाला. "असू द्या मास्तर," म्हणत ती गाडीत चढली. वाईट वाटलंच. खिडकीतून समुद्र दिसेनासा होईपर्यंत ती रस्त्याकडं बघत राहिली, मिनाची गाडी मागून येतेय का म्हणून. आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जनकाबाईच्या गावावरून वावटळ गेली. समुद्रावरच्या वादळापुढं ते काहीच नव्हतं, पण निम्म्या गावाचे पत्रे उडाले, विजेची डीपी पडली, दोन म्हशी मेल्या. टीव्हीवर कुणी दाखवलं नाही. सकाळी सरपंच गोजरबाई स्वतः दारात आली.

"जनकाबाई, तुमी तिकडं समदं बघितलंय. काय करायचं असतं पयलं?"

जनकाबाई शेळीची धार काढत होती. तिनं चरवी खाली ठेवली. अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं झालं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"तान्ही लेकरं कोणाकोणाच्या घरात हायेत, ती घरं पयली," ती म्हणाली. "मग म्हातारी माणसं. अन् जे काय येईल ते पारावर ठेवा, समद्यांच्या डोळ्यांदेखत. कोणाच्या घरात उतरवू नका. तुमच्या तर बिलकुल न्हाई. पाण्याचा टँकर आज खालच्या वस्तीतून फिरवा, उद्या वरून."

त्या दिवसापासून ती पारावर उभी राहिली. कुणाशी भांडली, कुणाला हाकललं, बद्रुद्दीन पत्रेवाल्याला हट्टा गावाहून बोलावून घेतलं आणि त्याच्या माणसांना भाकरी घातली. भाकरी मल्हारीनं भाजली, कारण तिला सवड नव्हती. लोक विचारायला लागले, "जनकाबाई कुठं हायेत?" मिनाचं नाव कुणी काढलं नाही. ते तिच्या बराबर ध्यानात आलं.

कामाच्या रगाड्यात मिनाचा फोन आला.

"आक्का, तुमच्याकडे वादळ झालं म्हणे. मी येऊ का? इथून काही ताडपत्र्या पाठवते, कलेक्टरांशी पण बोलते."

"नको," जनकाबाई म्हणाली. "इथं मी हाय. समदं बराबर चालू हाय. सरपंच मला इचारूनच करून राहिली."



"असं का," पलीकडून मिना म्हणाली. "बरं."

त्या "बरं"मध्ये काहीतरी तुटक होतं. तो सूर जनकाबाईच्या अगदी ओळखीचा होता. हार घातलेला फोटो आला होता तेव्हा तिनंही मिनाला फोनवर असंच "बरं" म्हटलं होतं. ती तोंडावर पदर धरून हसली. मग जरा वेळानं म्हणाली, "ताडपत्र्या नको. पण तू ये. दोन दिवस ये, नुसती बस. मी घालते तुला करून."

"बघते," मिना म्हणाली. "सध्या लई काम आहे गं."

"मला काय कमी हाय का?" जनकाबाई म्हणाली, आणि पाराकडून कुणीतरी हाक मारली म्हणून तिनं फोन ठेवून दिला.